उडण्याची हौस आणि नोंदवही

आमच्या नामपुरास आकाश पुष्कळ आहे. मोसम नदीचे खोरे, पश्चिमेस साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांची निळसर रेघ आणि मध्ये कांद्याची व डाळिंबाची शेते. या सर्वांवर पसरलेले हे आकाश पाहावयास कोणास तिकीट लागत नाही. म्हणूनच की काय, आमच्याकडे त्याची फारशी विचारपूस कोणी करीत नाही. पाऊस केव्हा पडेल व गारपीट तर होणार नाही ना, एवढ्या दोन प्रश्नांपुरताच त्याचा व आमचा संबंध. अशा या गावी, गेल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या पंगतीत माझी नात म्हणाली, "आजोबा, मला विमान चालवायला शिकायचंय. धुळ्याला शिकवतात."

पंगत एकदम स्तब्ध झाली. थोरल्या चिरंजिवांनी प्रथम खर्चाचा आकडा विचारला. आमच्या मंडळींनी वाढता वाढता हात थांबवून विचारले, "आणि वर गेल्यावर यंत्र बंद पडलं तर?" पुतण्या म्हणाला, "ही बड्या लोकांची हौस, आपल्याला कशाला हवी?" सूनबाई, म्हणजे मुलीची आई, तेवढी काहीच बोलली नाही. शेवटी प्रश्न माझ्यापुढे आला. शिक्षकाचे एक दुर्दैव असे की, ज्या विषयात त्यास काही कळत नाही त्यातही निकाल त्यानेच द्यावा, अशी घरच्यांची अपेक्षा असते. मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली, एक कोरी वही काढली व तीत तीन प्रश्न लिहिले: ही हौस रिकामटेकडी आहे काय? तिचा भार घरास सोसेल काय? आणि तीत जीवास धोका किती? या तीन प्रश्नांची जी उत्तरे मला मिळाली, ती ज्या घरांतून आज ना उद्या असाच प्रश्न पंगतीत येणार आहे त्यांच्या उपयोगी पडावीत, म्हणून येथे देत आहे.

पहिला प्रश्न हौसेचा. 'हौस' या शब्दास आपण उगाच हलके लेखतो. पोटासाठी नव्हे तर जीव लागला म्हणून केलेले काम ते हौसेचे, आणि विमानविद्या तर जन्मास आली तीच हौशी माणसांच्या पोटी. 17 डिसेंबर 1903 रोजी ज्या राइट बंधूंचे यंत्र 12 सेकंद हवेत राहून 120 फूट गेले, ते सायकलींच्या दुकानाचे मालक होते. कोणत्याही सरकारने त्यांस त्या कामी नेमले नव्हते.

आपल्याकडेही तोच क्रम दिसतो. 1928 साली मुंबईत 'बॉम्बे फ्लाइंग क्लब' स्थापन झाला. जुहूचे मैदान, लाकूड-कापडाची मॉथ जातीची हलकी विमाने आणि शिकण्यास आलेले थोडेसे हौशी लोक, एवढाच त्याचा आरंभीचा प्रपंच. याच क्लबात शिकून 10 फेब्रुवारी 1929 रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा या चोवीस वर्षांच्या तरुणाने वैमानिकाचा परवाना मिळविला. हिंदुस्थानात दिला गेलेला हा पहिला परवाना. त्यावर क्रमांकही 1 असाच होता. तीन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, हाच हौशी वैमानिक पुस मॉथ जातीच्या लहानशा विमानात टपालाच्या थैल्या घालून कराचीहून निघाला व अहमदाबादेवरून जुहूस उतरला. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाखाली जाई, तेव्हा विमाने पुण्यास येरवड्याच्या माळावर उतरवीत. या चिखलातून जी विमानसेवा उभी राहिली तिचेच नाव 1946 साली 'एअर इंडिया' झाले. 1953 साली ती सरकारने घेतली व 2022 च्या जानेवारीत ती पुन्हा टाटांकडे आली. एका क्लबातील हौसेचे हे फळ होय.

त्या काळच्या हौशी मंडळींचा आपसातील व्यवहारही पाहण्यासारखा आहे. 1930 साली आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लाविले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने प्रथम उडून जाणाऱ्या भारतीयास ते मिळावयाचे होते. टाटा कराचीहून पश्चिमेस निघाले; ॲस्पी इंजिनिअर नावाचा अवघा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून पूर्वेस निघाला. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा ॲस्पीचे विमान एका स्पार्क प्लगवाचून अडून पडले होते. टाटांजवळ जादा प्लग होता, तो त्यांनी काढून दिला. ॲस्पी पुढे गेला व थोड्या तासांच्या फरकाने बक्षीस त्यानेच जिंकले. हाच मुलगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आकाशात अडलेल्या माणसास साह्य करावयाचे, मग तो प्रतिस्पर्धी का असेना, हा धडा ज्या शाळेत मिळतो ती शाळा रिकामटेकड्यांची खास नव्हे.

मुलींच्या बाबतीतही शंका घेण्याचे दिवस केव्हाच गेले. 1932 साली ऊर्मिला पारीख यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला. 1936 साली लाहोरच्या क्लबात सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या गृहिणीने साडी नेसून एकटीने विमान उडविले. तेव्हा तिला चार वर्षांची मुलगी होती. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा 12 ते 15 च्या घरात सांगतात व जगाची सरासरी शेकडा 5 च्या आसपास आहे. या एका बाबतीत तरी आपण जगाच्या पुढे आहो, हे वाचून आमच्या मंडळींचा चेहरा किंचित खुलला, असे मला वाटले.

आता दुसरा प्रश्न, भाराचा. येथे मात्र गोड बोलून चालावयाचे नाही. जुहूच्या भोवती मुंबई वाढत गेली, इमारती उंच झाल्या, हेलिकॉप्टरांची ये-जा वाढली आणि नवशिक्यांनी घिरट्या घालण्यास तेथील आकाश अपुरे पडू लागले. म्हणून क्लबाने आपले उड्डाणशिक्षण धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळावर आणले. मुंबईचा हा जुना क्लब आमच्या शेजारी कसा आला, त्याचे कारण हे. खानदेशच्या मोकळ्या आकाशाची किंमत अशी मुंबईकरांस कळली. आम्हांस ती अद्याप कळावयाची आहे.

परंतु आकाश स्वस्त असले तरी विमान स्वस्त नाही. यंत्रे व त्यांचे सुटे भाग परदेशातून येतात, इंधन महाग, विमा महाग. देखभाल तर विमान उडो वा न उडो, करावीच लागते. हौसेपुरता खाजगी परवाना मिळविण्यास किमान 40 तासांचे उड्डाण लागते. धंद्याचा, म्हणजे व्यावसायिक परवाना हवा असेल तर 200 तासांचे. या दुसऱ्या शिक्षणाचा खर्च आजमितीस 40 ते 50 लाख रुपयांच्या घरात जातो आणि कित्येकदा त्याच्याही पुढे. एवढे करून नोकरी ठरलेली आहे असेही नाही. मोठ्या विमानाचे शिक्षण पुन्हा वेगळे व त्याचा खर्चही वेगळा. कर्ज काढून परवाना घेतलेले व नोकरीची वाट पाहत बसलेले तरुण मी स्वतः पाहिले आहेत. ज्या आईबापांनी याकरिता जमिनीवर बोजा चढविला, त्यांच्या घरची रात्र कशी जात असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

यातून क्लबांची मूळची काळजी उद्भवते. क्लब निघाले हौशी माणसांसाठी; आज त्यांत येणारे बहुतेक नोकरीसाठी येतात. वकील, डॉक्टर, कारखानदार असा जो मनुष्य रविवारी सकाळी अर्धा तास उडून येई व उरलेला आठवडा प्रसन्न राही, तो आता विरळा. हौशी सभासद गेला की क्लबाची शिकवणी होते. शिकवणीत मुले उत्तीर्ण होतात, परंतु उत्तीर्ण झाल्यावर परत कोणी येत नाही. शिक्षक या नात्याने हे दुःख मला परके नाही.

तथापि हौस अगदी मेलेली नाही. मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागात अमोल यादव या वैमानिकाने आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर वर्षानुवर्षे खपून विमान बांधले. आधीचे प्रयत्न फसले होते. 2016 साली ते विमान मुंबईच्या एका प्रदर्शनात लोकांनी पाहिले. 2017 साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली. आणि परवानग्यांच्या पायऱ्या चढत चढत 2020 च्या ऑगस्टमध्ये ते आकाशात गेले, तेही धुळ्याच्याच धावपट्टीवरून. गच्चीवर पापड-सांडगे वाळत घालणाऱ्या आपल्या लोकांत गच्चीवर विमान बांधणाराही निघाला, ही मौज तर खरीच. मला मात्र अधिक महत्त्वाचे वाटले ते हे की, विमान बांधून झाल्यावरही ते उडविण्यापूर्वी त्यास इतकी वर्षे थांबावे लागले व तो थांबला.

तिसरा प्रश्न धोक्याचा. त्यासाठी मी एके दिवशी मालेगावमार्गे धुळे गाठले व तेथून गोंदुरास गेलो. माझा एक जुना विद्यार्थी विमानांच्या देखभालीच्या कामात असतो; त्यास सोबत घेतले. आत जाण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, म्हणून कुंपणाबाहेर बाभळीच्या सावलीत उभे राहून तासभर पाहिले. एक लहानसे विमान धावे, उचले, डावीकडे वळे, धावपट्टीला समांतर जाई, पुन्हा दोन वळणे घेऊन उतरे; आणि चाके टेकली न टेकली तोच पुन्हा उडे. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. "हे काय चाललंय?" मी विचारले. तो हसून म्हणाला, "सर, पाढे." मला तत्काळ उमगले. बे एके बे केल्यावाचून पावकी-निमकी येत नाही, तद्वत हे उतरणे शंभरदा घोटल्यावाचून एकट्याला वर सोडीत नाहीत.

मग त्याने मला दोन-तीन गोष्टी समजावून दिल्या. विमान हवेत राहते ते केवळ यंत्राच्या जोरावर नव्हे, तर पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या आधारावर. यंत्र बंद पडले म्हणून ते दगडासारखे खाली येत नाही. शिकाऊ जातीचे सेस्ना विमान एक किलोमीटर उंचीवरून सुमारे नऊ किलोमीटर घसरत जाऊ शकते. तेवढ्यात मोकळे शेत निवडावयाचे, हा अभ्यासाचाच भाग आहे. खरे भय निराळे. वेग फार कमी करून विमानाचे नाक नको तितके वर धरले, तर पंखांवरील हवेचा प्रवाह तुटतो व आधार जातो. जमिनीजवळ असे झाले तर सावरण्यास उंची उरत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे गेला की हवा विरळ होते, विमानास धावपट्टी अधिक लागते व चढ कमी मिळतो. म्हणून उन्हाळ्यात भल्या सकाळी उडणे बरे. घारी-गिधाडांची टक्कर, अचानक आलेले वादळ, आणि सर्वांत वाईट म्हणजे 'मला येते' हा गर्व, ही आणखी भये.

धोका नाही असे मी म्हणत नाही. 2021 च्या जुलैत जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात एक शिकाऊ विमान कोसळले. प्रशिक्षक दगावले व शिकणारी मुलगी जखमी झाली. ही गोष्ट घरात मी लपवून ठेवली नाही. ज्या निर्णयाला सत्य सांगितल्याने तडा जातो, तो निर्णय मुळातच कच्चा समजावा.

परंतु निघता निघता त्या विद्यार्थ्याने जे सांगितले ते माझ्या मनात घर करून राहिले. प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानास प्रदक्षिणा घालावयाची. टाकीतले थोडे इंधन काचेच्या नळीत काढून त्यात पाणी नाही ना ते पाहावयाचे, तेल मोजावयाचे, पंखांच्या झडपा हाताने हलवून पाहावयाच्या. कालच पाहिले होते, ही सबब चालत नाही. आणि उतरल्यावर नोंदवहीत लिहावयाचे: कोणते विमान, कोठून कोठे, किती वेळ, सोबत कोण. न उडलेला तास लिहिणे हे या विद्येतील महापाप, कारण खोटी वही घेऊन वर गेलेल्या माणसाची परीक्षा आकाश घेते आणि तेथे दुसरा प्रयत्न नसतो.

येथे मला एक कबुलीजबाब द्यावयाचा आहे. तीस वर्षे मी मुलांना शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट सांगत आलो. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, 1895 साली, या मराठी गृहस्थाने गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडविले, आणि तेही आपल्या प्राचीन ग्रंथांच्या आधारे, असे मी मोठ्या आवेशाने सांगे. वर्गाची छाती फुले, माझीही. माझी नात दहा वर्षांची असताना तिलाही ती सांगितली, तेव्हा तिने विचारले होते, "आजोबा, ते कुठे लिहिलंय?" मी म्हणालो, "सर्वांना माहीत आहे." तिने पुढे विचारले नाही, पण आता कळते की ती ते विसरलीही नव्हती.

गोंदुराहून परतल्यावर मी प्रथमच ते प्रकरण नीट तपासले. चौपाटीवरील त्या उड्डाणाची त्या काळी केलेली विश्वसनीय नोंद मिळत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार देतात तो ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी 1918 ते 1923 या काळात सांगितला व दुसऱ्याने तो उतरवून घेतला. म्हणजे तळपद्यांच्या उड्डाणाच्या तारखेनंतर वीस-पंचवीस वर्षांनी. 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी त्याची छाननी केली. भाषा अर्वाचीन आहे व त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. मी स्वतः ते श्लोक वाचून पाहिले. जन्मभर संस्कृत शिकविल्यावर ऋषींची वाणी कोणती व आधुनिक पंडिताची रचना कोणती, हे न ओळखण्याइतका मी अडाणी नाही. तळपदे कल्पक होते, खटपटी होते, यात संशय नाही. त्यांच्या खटपटीचा आदर करावा. परंतु न झालेला तास त्यांच्या वहीत आपण लिहू नये.

यामुळे पूर्वजांचा मान कमी होतो असे कोणी समजू नये. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात कालिदासाने पुष्पकातून दिसणारा समुद्र, नद्या व अरण्ये अशी रंगविली आहेत की, आज विमानात बसून खाली पाहणाऱ्यास ती ओळखीची वाटावी. ते त्याने यंत्राशिवाय, केवळ प्रतिभेने पाहिले. त्या प्रतिभेस यंत्राचे प्रमाणपत्र जोडू गेलो तर काव्यही जाते आणि शास्त्रही.

असो. मुदत संपली तेव्हा सर्व मंडळी पुन्हा एकत्र बसली. मी वही वाचून दाखविली. चोपड्याचा अपघात, पन्नास लाखांचा आकडा, सर्व काही. तळपद्यांचे प्रकरण वाचताना माझा आवाज किंचित अडखळला. नात एवढेच म्हणाली, "आजोबा, मला तेव्हाच वाटलं होतं." सर्वजण हसले व मीही हसलो, मात्र त्याच क्षणी माझा निकाल झाला. प्रेमाच्या माणसाने सांगितले तरी 'कुठे लिहिलंय' म्हणून विचारणारी ही मुलगी इंधनाची नळी पाहिल्यावाचून विमानात बसणार नाही.

निकाल असा. जमीन विकावयाची नाही व तिच्यावर कर्जही काढावयाचे नाही. धंद्याच्या परवान्याचा विचार आज नाही. कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई शाखेत प्रवेश मिळविण्याचा तिने यत्न करावा. तेथे विमानांच्या प्रतिकृती बांधणे व संधी मिळाल्यास हलक्या विमानातून उडणे, हे घरास फारशी तोशीस न लागता होते. वैद्यकीय तपासणी आधी व्हावी, म्हणजे पैसे भरल्यावर डोळ्यांत दोष निघाला असे होऊ नये. हे सर्व पार पडले व हौस टिकली, तर खाजगी परवान्याच्या 40 तासांचा खर्च घरातील सर्व कमावत्यांनी ऐपतीप्रमाणे वाटून घ्यावा.

तोवर गप्प असलेली सूनबाई उठून आत गेली व एक कागद घेऊन आली. मुलीचे डोळे व कान तिने दिवाळीपूर्वीच नाशकास नेऊन तपासून आणले होते, दोन्ही निर्दोष. मी दोन महिने जे शोधीत होतो, त्यातील पहिली पायरी तिने न बोलता केव्हाच चढून ठेविली होती.

सर्वांत शेवटी आमच्या मंडळींनी आपली अट सांगितली. "उडालीस हे मला कळवू नकोस," त्या नातीला म्हणाल्या, "उतरलीस की तेवढं कळव." मी ती अट वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेविली आहे आणि तिच्याखाली नातीची सही घेतली आहे.